गाडींतला गारवा

"गॅस संपलाय, सर," असें मिस्त्रीनें सांगितलें आणि मीं मान डोलावली. लागोपाठ तीन उन्हाळे मीं हें वाक्य ऐकलें आणि तिन्ही वेळां तितक्याच निमूटपणें मान डोलावली. परीक्षेंत एखाद्या विद्यार्थ्यानें "पेशवाई संपली" एवढेंच लिहून ठेवलें तर "कां संपली? केव्हांपासून संपत आली होती?" असा लाल शाईनें जाब विचारणारा मी इतिहासाचा प्राध्यापक! परंतु माझ्याच गाडीच्या पोटांतला वायु दर वर्षीं संपतो कसा, आणि संपतो म्हणजे जातो कोठें, हा बाळबोध प्रश्न मला तीन वर्षांत एकदांही सुचला नाहीं.

तो कां सुचला नाहीं, हें मला आतां थोडेंसें उमजतें. "संपणें" हें क्रियापद मोठें सोयीचें आहे. त्यांत कोणाचाच दोष नसतो. घरांतलें मीठ संपतें, शाई संपते, सुटी संपते. संपलेली वस्तु पुन्हां आणावी एवढाच त्यावर इलाज. स्वयंपाकघरांतला गॅस संपला म्हणजे आपण नवें सिलिंडर मागवतों. तो जसा एक गॅस, तसाच हाही एक गॅस असणार, अशी माझी समजूत होती. पदवीच्या गुंडाळ्या कपाटांत ठेवून असलेले पुष्कळ गृहस्थ हीच समजूत उराशीं बाळगून दर चैत्रांत दीड-दोन हजार रुपये मोजीत असतात, असें पुढें मला चौकशीअंतीं आढळून आलें. आणि चार शहाणे आपल्याच पंक्तीला बसलेले पाहून जें समाधान होतें, तें मलाही झालें.

आमची गाडी २००५ सालची. तिच्या घराण्याचें नांव मी येथें सांगत नाहीं, कारण सुनेचे दोष सांगतांना तिच्या माहेरचा उद्धार करणें बरें नव्हे. पंधरा वर्षें भरल्यावर तिची पुन्हां नोंदणी करून घेतली, तेव्हां "एवढ्या खटाटोपापेक्षां नवी घ्या" असा सल्ला देणाऱ्यांची रांग लागली होती. पण तिच्या मागच्या आसनाच्या कापडावर मुलीनें लहानपणीं बॉलपेननें काढलेलें एक घर अजून शाबूत आहे. त्या घरासकट गाडी परक्याच्या हवालीं करणें मला जमलें नाहीं. जुनी गाडी ठेवण्याचीं कारणें अशींच असतात. हिशेबाच्या वहींत तीं मांडतां येत नाहींत.

पहिल्या वर्षीं भरलेला वायु दिवाळीपर्यंत पुरला. दुसऱ्या वर्षीं तो मृगाच्या पावसालाच निरोप देऊन गेला. तिसऱ्या वर्षीं पांच आठवडे टिकला. ही उतरती भाजणी एखाद्या राजघराण्याच्या वसुलाची असती, तर मीं तीवर तासभर व्याख्यान दिलें असतें. शिवाय दुसऱ्या वर्षीं मिस्त्रीनें मला अगदींच अंधारांत ठेवलें होतें असेंही नाहीं. बॉनेटवर हात टेकून तो म्हणाला होता, "कूलिंग कॉइल लीक वाटतेय, सर. डॅशबोर्ड खोलावं लागेल, आठ-दहा हजार जातील. नाहीतर आत्ता गॅस मारून देतो, हा सीझन निघून जाईल." मीं घड्याळाकडे पाहिलें आणि म्हणालों, "मारा गॅस." सीझन निघून गेला म्हणजे झालें! हा हंगाम, ही परीक्षा, हा महिना निघून जावा, एवढ्यापुरतीच तरतूद करण्याची संवय मला केव्हां जडली तें सांगतां येणार नाहीं. पण ती गाडीपुरती नव्हती खास.

माठांतलें पाणी गार कां होतें, हें आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतें. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतें, वाऱ्यानें त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यांतूनच ओढली जाते. दारावर वाळ्याचा पडदा टांगून त्यावर पाणी शिंपडणारे आपले पूर्वज याच तत्त्वावर दुपार काढीत. गाडींतल्या यंत्राचें मर्मही निराळें नाहीं. तेथें पाण्याऐवजीं असा एक द्रव असतो, कीं जो हवेच्या नेहमींच्या दाबाखालीं उणें २६ अंशांवरच उकळूं लागतो. डॅशबोर्डच्या मागें दडवलेल्या नागमोडी कॉइलमध्यें तो उकळतो आणि गाडींतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबून नाकासमोरच्या जाळीकडे, म्हणजे कंडेन्सरकडे, ढकलतो. तेथें ती आपली उष्णता रस्त्यावर टाकून पुन्हां द्रव होते, आणि एका अरुंद तोंडाच्या झडपेंतून सुटून पुन्हां कॉइलमध्यें शिरते. माठांत आणि हिच्यांत फरक एवढाच, कीं माठाची वाफ आकाशांत निघून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. येथली वाफ कोंडलेली असते. तोच वायु देहांतल्या रक्तासारखा पुन्हां पुन्हां फिरत राहतो. रक्त कमी पडलें तर "संपलें" असें कोणी म्हणत नाहीं. जखम कोठें आहे तें पाहतात. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या कण्यालगतच्या वेष्टणांतून वर्षाकाठीं थोडासा वायु झिरपतो हें खरें, आणि कांहीं वर्षांनीं एकदां भर घालावी लागली तर त्यांत नवल नाहीं. पण दर चैत्रांत? मी गाडीला माठ समजत होतों, दुसरें काय!

हें सारें ज्ञान मला झालें तें आमच्या अक्काच्या निमित्तानें.

अक्का माझ्याहून चौदा वर्षांनीं मोठी. सोलापूरच्या आमच्या जुन्या घरांत ती एकटी राहते. माझ्या पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांची फी तिच्या प्राथमिक शिक्षिकेच्या पगारांतून गेली, हें ती कधीं बोलत नाहीं आणि मी कधीं विसरत नाहीं. विसरत नाहीं म्हणजे दिवाळींत एक लुगडें आणि फराळाचा डबा घेऊन जातों, बस्स. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकला होता. शस्त्रक्रिया पुण्यास करावी असें ठरलें, आणि मे महिन्याच्या मध्यावर मी तिला आणण्यास निघालों. "मीं एस्टीनं येते, तू कशाला हेलपाटा घालतोस?" असें ती टेलिफोनवर म्हणाली होती. मीं मोठ्या दिमाखानें उत्तर दिलें, "अक्का, गाडींत गार हवा आहे. ऊन लागायचं नाही तुला."

सकाळीं पांचाला निघावें असा माझा बेत होता. परंतु महिनाभरासाठीं घर सोडणाऱ्या बाईला पांचाला घराबाहेर काढणें हें यमदूतालाही साधणार नाहीं. तुळशीला पाणी घालण्याचें शेजारणीला बजावणें, विरजणाची वाटी दुसरीकडे पोंचवणें, कुलूप लावून पुन्हां उघडून पाहणें, असें करतां करतां साडेनऊ झाले. मोहोळ मागें पडेपर्यंत सारें ठीक होतें. अक्कानें झरोक्यापुढें हात धरून "बरं वाटतंय रे," असें म्हटलें, तेव्हां मला जो अभिमान वाटला तो आठवला म्हणजे अजून मान खालीं जाते. मोडनिंबच्या पुढें तो वारा कोमट झाला. टेंभुर्णीपाशीं तो गरम झाला. वायु फार कमी पडला म्हणजे कॉम्प्रेसरनें स्वतःहून थांबावें अशी योजना यंत्रांत असते. त्याप्रमाणें तो थांबला होता. मीं बटण दोनदां दाबलें, चारदां दाबलें, आणि शेवटीं कांचा खालीं केल्या.

मे महिन्यांतल्या अकरा वाजतांचा सोलापूर-पुणें रस्ता ज्यांनीं उघड्या खिडक्यांनीं पाहिला आहे त्यांना जास्त सांगावयास नको. वारा येतो, पण तो भट्टीच्या तोंडावरचा. अक्का एक अक्षर बोलली नाहीं. तांब्यांतलें पाणी तिनें पदरावर ओतलें, तो ओला पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून बसली. दहा मिनिटांत पदर वाळला कीं पुन्हां पाणी. मी आरशांतून तिच्याकडे पाहत होतों, आणि मनांत गणित करीत होतों तें कॉइलच्या दहा हजारांचें. इंदापुरास मीं पाणी घेतलें, कोकम सरबत घेतलें. तिनें घोटभर घेऊन पेला परत दिला आणि माझी समजूत घालण्यासाठीं म्हणाली, "आपण एस्टीनं जायचो तेव्हा कुठं होतं हे सगळं?" ज्याचें चुकलें त्याचीच समजूत त्या बाईनें घालावी, हें मला उन्हापेक्षां जास्त लागलें.

भिगवणच्या अलीकडे तिला घेरी आली. मान एका बाजूला कलली आणि हाक मारली तरी उत्तर येईना. ते तीन-चार क्षण मी लिहूं शकत नाहीं. वाटेंतल्या एका गांवांत लहानसा दवाखाना सांपडला. तेथें तिला आडवी केली, शिरेंतून सलाइन लावलें, आणि तासाभरानें तिनें डोळे उघडले. डॉक्टर तरुण होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याएवढा. "सर, ह्या वयाच्या माणसाला एवढ्या उन्हात असं आणता?" असें त्यानें विचारलें, तें मुळींच उद्धटपणानें नव्हे. मी शब्द जुळवीत होतों तों अक्काच खाटेवरून क्षीण आवाजांत म्हणाली, "त्याची काही चूक नाही हो, डॉक्टर. गाडीचा गॅस संपला."

तें माझेंच वाक्य होतें. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तें किती पोकळ आहे हें मला कळलें.

रक्तदाब ताळ्यावर येईपर्यंत शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढें ढकलावी लागली. त्या अवधींत आमच्या महाविद्यालयांतल्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यानें मला दुसऱ्या एका मिस्त्रींकडे धाडलें. हे गृहस्थ साठीच्या घरांतले, मितभाषी, आणि दुकान एवढेंसें. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा: "गेल्या वेळी किती ग्रॅम भरला होता?" ग्रॅम! वायु ग्रॅमवर मोजतात हेंच मला ठाऊक नव्हतें. मीं भीतभीत म्हटलें, "पूर्ण भरला होता. पण संपला." ते हंसले नाहींत. तपासणीच्या नळ्या जोडतां जोडतां एवढेंच म्हणाले, "संपला नाही, सर. गेला. संपणं वेगळं, जाणं वेगळं."

इतकी वर्षें शब्दार्थांचा कीस काढीत आलेल्या माणसाला हा धडा एका गॅरेजांत मिळावयाचा होता.

त्यांच्या कामाची रीत मीं दिवसभर स्टुलावर बसून पाहिली. प्रथम त्यांनीं नळ्यांत दाबाखालीं नायट्रोजन भरला आणि सांध्यांसांध्यांवर साबणाचा फेंस लावला. बाहेरचे सांधे निर्दोष निघाले. मग डॅशबोर्ड उतरवला. आमच्या गाडीचें तें उघडें अंतरंग पाहवत नव्हतें. तारांचीं जावळें आणि वीस वर्षांची धूळ. कॉइल बाहेर काढली तेव्हां तिच्या पात्यांवर धुळीचा आणि पाल्याचा एक जाड थर नमद्यासारखा चिकटलेला होता. त्यांत सुकून काळ्या पडलेल्या गुलमोहराच्या पाकळ्या होत्या. महाविद्यालयाच्या फाटकाशीं जो गुलमोहर आहे त्याच्याखालीं मी रोज सावली पाहून गाडी ठेवतों. कांचेखालच्या जाळींतून त्याचा फुलोरा वर्षानुवर्षें आंत जात होता. कॉइलवर साठणाऱ्या दंवानें तो कचरा सदैव ओला राहतो, आणि ओल्या कचऱ्याखालीं ॲल्युमिनियम हळू हळू खाऊन जातें. मिस्त्रींनीं कॉइल पाण्याच्या टोपल्यांत बुडवून तींत हवा सोडली. एका कोपऱ्यांतून बुडबुड्यांची बारीक सर वर आली, मोत्यांच्या सरीसारखी. तीन वर्षांचा माझा प्रश्न, जो मीं विचारलाच नव्हता, त्याचें उत्तर तेथें बुडबुडत होतें.

नवी कॉइल बसली. ओल शोषून घेणारा ड्रायर बदलला. सांध्यांतल्या रबरी कड्या बदलल्या. नंतर "व्हॅक्यूम मारणें" हा प्रकार झाला. पंपानें नळ्यांतली सारी हवा ओढून काढावयाची. हवा काढण्यापेक्षांही आंतली ओल काढणें हा त्याचा खरा हेतु. दाब पुरेसा उतरला म्हणजे पाणी ३० अंशांवरही उकळतें आणि वाफ होऊन पंपाबरोबर बाहेर पडतें. ती ओल आंत राहिली तर झडपेच्या तोंडाशीं गोठून वाट अडवते, आणि वायूशीं व तेलाशीं मिसळून अम्ल तयार करते. पहिल्या दुकानांत हा विधि पांच मिनिटांत, कीं मुळींच नाहीं, उरकला जात असे. येथें पंप पाऊण तास घरघरत राहिला, आणि तो थांबवल्यावर काटा हलतो कीं काय हें पाहण्यासाठीं मिस्त्री आणखी अर्धा तास नुसते बसून राहिले. काटा हलला नाहीं. न हलणाऱ्या काट्याकडे इतक्या समाधानानें पाहणारा माणूस मीं पूर्वीं पाहिला नव्हता.

बसल्या बसल्या माझें मन आपल्या धंद्याकडे वळलें. ह्या वायूंचा इतिहास एखाद्या शोकांतिकेला शोभण्यासारखा आहे. पूर्वीं शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायु वापरीत, आणि ते फुटून माणसें दगावत. १९२८ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली आणि त्याचे सहकारी यांनीं न जळणारा, न बाधणारा वायु शोधून काढला; १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिजलीनें तो स्वतः छातीभर ओढून घेतला आणि त्याच्या फुंकरीनें मेणबत्ती विझवून दाखवली. टाळ्या झाल्या असतील! १९३९ सालीं पॅकार्ड कंपनीनें कारखान्यांतूनच शीतयंत्र बसवलेली मोटार विक्रीस आणली, आणि पुढें दशकानुदशकें मोटारींना गारवा याच घराण्यांतल्या वायूनें पुरवला. १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखवून दिलें कीं, माणसाला निरुपद्रवी असणारा हा वायु आकाशांत उंच जाऊन ओझोनचें कवच कुरतडतो. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरच्या कवचाला पडलेलें खिंडार उघडकीस आलें, १९८७ सालीं माँट्रिऑलचा करार झाला, आणि वैद्यकीय फवाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडतां २०१० पासून विकसनशील देशांतही ते जुने वायु हद्दपार झाले. मिजली हें पाहण्यास उरला नव्हता. पक्षाघातासारख्या रोगानें पाय लुळे पडल्यावर बिछान्यांतून उठण्यासाठीं त्यानें दोऱ्या आणि कप्प्यांचें एक यंत्र योजलें होतें. १९४४ सालीं त्याच दोऱ्यांचा फांस बसून तो वारला. मीं वर्गांत हें कधीं सांगितलें नाहीं, कारण ऐकणाऱ्यांना तें रचलेलें वाटेल.

आमच्या गाडींतला वायु त्यापुढच्या पिढींतला, १३४-ए. हा ओझोनला शिवत नाहीं. पण वातावरणांत उष्णता कोंडून धरण्याची त्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें चौदाशें पट आहे, म्हणूनच २०१६ सालच्या किगालीच्या ठरावानें असल्या वायूंनाही उतरती कळा लावण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं आपल्या देशानेंही त्यास मान्यता दिली. बॉनेटखालच्या चिटोऱ्यावर गाडीचें माप लिहिलेलें होतें: ४५० ग्रॅम. तें चिटोरें वीस वर्षें माझ्या डोळ्यांसमोर होतें. तीन वर्षांचे मिळून १,३५० ग्रॅम. त्याला चौदाशेंनीं गुणलें तर जवळजवळ दोन टन. आठशें लिटर पेट्रोल जाळलें असतां जेवढें ओझें आकाशावर पडेल, तेवढें मीं "सीझन निघून जावा" म्हणून कॉइलच्या एका छिद्रांतून सोडून दिलें होतें. पर्यावरणदिनीं महाविद्यालयांत रोपें लावतांना माझें एक छायाचित्र काढलेलें आहे. तें सूचनाफलकावरून उतरवावें कीं काय, असा विचार त्या स्टुलावर माझ्या मनांत येऊन गेला.

मिस्त्रींनीं वायूची टांकी वजनकांट्यावर ठेवली आणि सोनाराच्या सावधपणानें साडेचारशें ग्रॅम आंत सोडले. "जास्त झाला तरी यंत्राला त्रासच," ते म्हणाले. झरोक्यांत लावलेला तापमापक सात अंशांवर येऊन थांबला. बिल नऊ हजारांचें झालें. मीं घासाघीस केली नाहीं. माझ्या आयुष्यांतला हा एक दुर्मिळ प्रसंग म्हणून नमूद करतों.

दोन्ही डोळ्यांचीं कामें नीट पार पडलीं. जूनच्या अखेरीस अक्काला सोलापूरला पोंचवण्यास मी निघालों. पाऊस लांबला होता आणि ऊन मे महिन्यासारखेंच तापत होतें. काळा चष्मा लावून ती उजनीच्या पाण्याकडे एकसारखी पाहत होती. "केवढं आहे रे हे, मला इतके दिवस धुकंच दिसायचं," असें दोनदां म्हणाली. मग तिला गार लागूं लागलें. तिनें शाल पांघरली आणि ती झोंपी गेली. मीं आरशांत पाहिलें. तांब्या तिच्या पायाशीं भरलेलाच होता.

इंदापुरास चहासाठीं थांबलों. उतरतांच अक्का एकदम वांकली आणि गाडीच्या पोटाखालीं पाहूं लागली. तेथून थेंब थेंब पाणी ठिबकत होतें आणि तापलेल्या डांबरावर एक ओला डाग पसरत चालला होता.

"अरे, गळतंय बघ काहीतरी!" ती घाबरून म्हणाली. "पुन्हा गेला का तुझा गॅस?"

"नाही, अक्का. हवेतलं पाणी आहे हे. गार कॉइलवर जमतं आणि खाली पडतं. हे गळायलाच हवं. माठ पाझरतो ना, तसं."

तिला तें कितपत पटलें कोण जाणे. आम्ही चहा घेऊन परत आलों तों हॉटेलच्या दारांतलें एक पिवळें कुत्रें गाडीखालच्या त्या ओल्या जागेवर पोट टेकून, जीभ बाहेर काढून स्वस्थ पडलें होतें. मीं दार उघडलें आणि त्याला हुसकावण्यासाठीं हात उचलला.

"राहू दे," अक्का म्हणाली. "उठेल आपणहून. आपल्याला कुठं घाई आहे?"

म्हणून मग आम्ही दोघें झाडाच्या सावलींत बांकावर बसलों, आणि तें उठेपर्यंत आणखी एक चहा घेतला.